श्रीमती विजयालक्ष्मी पंडित : घराणे, कर्तृत्व आणि राज्यपालपद

२८ नोव्हेंबर १९६२ रोजी श्रीमती विजयालक्ष्मी पंडित यांनी महाराष्ट्राच्या राज्यपालपदाची सूत्रे हाती घेतली. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन तेव्हा अवघी अडीच वर्षे झाली होती. चीनबरोबरच्या युद्धातील तोफा जेमतेम आठवड्यापूर्वी थांबल्या होत्या आणि ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेली आणीबाणी देशात अमलात होती. संरक्षणमंत्रिपदाची जबाबदारी घेण्यासाठी श्री. यशवंतराव चव्हाण दिल्लीस गेले होते व श्री. मारोतराव कन्नमवार यांनी मुख्यमंत्रिपद नुकतेच स्वीकारले होते. आधीचे राज्यपाल डॉ. पी. सुब्बरायन हे ऑक्टोबरमध्ये पदावर असतानाच निवर्तले होते. अशा अस्वस्थ काळात राज्याचे सर्वोच्च घटनात्मक पद एका महिलेकडे आले. महाराष्ट्राच्या त्या तिसऱ्या राज्यपाल आणि पहिल्या महिला राज्यपाल होत.

त्या पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या धाकट्या भगिनी होत्या, ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती. त्यामुळे त्यांच्या जीवनाचा अभ्यास करताना एक प्रश्न आपोआपच उभा राहतो. मोठ्या राजकीय घराण्यात जन्मलेल्या व्यक्तीच्या वाटचालीत घराण्याचा वाटा किती व स्वतःच्या कर्तृत्वाचा वाटा किती? हा प्रश्न केवळ दिल्ली-मुंबईपुरता नाही. ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत जेथे जेथे वडिलांनंतर मुलगा, पतीनंतर पत्नी किंवा सासऱ्यांनंतर सून निवडणुकीस उभी राहते, तेथे तो विचारला जातो. म्हणूनच या चरित्राकडे थोडे बारकाईने पाहणे उपयुक्त ठरेल.

आनंदभवनातील बालपण

विजयालक्ष्मींचा जन्म १८ ऑगस्ट १९०० रोजी अलाहाबाद येथे झाला. त्यांचे माहेरचे नाव स्वरूपकुमारी. वडील पंडित मोतीलाल नेहरू हे नामवंत वकील होते. घरी ऐश्वर्य होते, राहणी पाश्चात्त्य वळणाची होती. जवाहरलाल त्यांच्यापेक्षा जवळजवळ अकरा वर्षांनी मोठे होते. मुलीचे शिक्षण घरीच, इंग्रज शिक्षिकेच्या हाताखाली झाले. रूढ अर्थाने त्या कोणत्याही शाळेत वा महाविद्यालयात गेल्या नाहीत. पुढे याच विदुषी राज्यपाल या नात्याने महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या कुलपती झाल्या.

१९२१ च्या मे महिन्यात त्यांचा विवाह श्री. रणजित सीताराम पंडित यांच्याशी झाला व त्या विजयालक्ष्मी पंडित झाल्या. महाराष्ट्राशी त्यांचे नाते जुळले ते असे. पंडित घराणे मूळचे कोकणातील आणि पुढे काठेवाडात राजकोट येथे स्थायिक झालेले. रणजितराव बॅरिस्टर तर होतेच, शिवाय संस्कृतचे व्यासंगी विद्वान होते. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’चे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर आजही अभ्यासक वाचतात. या भाषांतराचे बरेचसे काम त्यांनी तुरुंगात केले. या दांपत्यास चंद्रलेखा, नयनतारा व रीटा अशा तीन मुली झाल्या. नयनतारा सहगल या पुढे इंग्रजी लेखिका म्हणून प्रसिद्धीस आल्या.

असहकाराच्या चळवळीने नेहरू कुटुंबाचे जीवन पालटून गेले. मोतीलालजींनी वकिली सोडली, विलायती कपड्यांची होळी झाली, घरातील माणसे एकामागून एक तुरुंगात जाऊ लागली. १९३२ मध्ये विजयालक्ष्मींना प्रथम कारावास घडला, तेव्हा त्यांची धाकटी मुलगी तीन वर्षांचीही नव्हती. पुढे वैयक्तिक सत्याग्रहात व १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात त्या पुन्हा तुरुंगात गेल्या. घराण्याचा वारसा म्हणून त्यांना केवळ मोठे नाव मिळाले नाही, तर या नावाबरोबर येणारी किंमतही मोजावी लागली, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

नगरपालिकेपासून मंत्रिपदापर्यंत

त्यांच्या सार्वजनिक कार्याचा पाया घातला गेला तो अलाहाबाद नगरपालिकेत. १९३० नंतरच्या दशकात त्या नगरपालिकेवर निवडून आल्या व तेथील शिक्षण समितीचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. शाळांच्या इमारती, शिक्षकांच्या अडचणी, मुलांचे आरोग्य हे त्यांचे पहिले विषय होते. पुढे जगाच्या व्यासपीठावर गाजलेल्या या वक्त्या प्रथम नळ, दिवाबत्ती व शाळा यांच्या कारभारात मुरल्या. स्थानिक संस्थांत काम करणाऱ्यांनी ही गोष्ट अवश्य लक्षात घ्यावी.

१९३५ च्या कायद्यानुसार १९३७ मध्ये प्रांतिक निवडणुका झाल्या. कानपूर जिल्ह्यातील ग्रामीण मतदारसंघातून त्या संयुक्त प्रांताच्या विधानसभेवर निवडून आल्या. पंडित गोविंद वल्लभ पंत यांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे स्थानिक स्वराज्य व सार्वजनिक आरोग्य ही खाती सोपविण्यात आली. प्रांतिक मंत्रिमंडळात मंत्री म्हणून स्थान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. १९३८ मध्ये हरिद्वार येथे कुंभमेळा भरला आणि त्यानंतर प्रांतात पटकीची मोठी साथ पसरली. यात्रेत दूषित झालेले पाणी किती गावांत मरण घेऊन जाते, हे आरोग्य खात्याच्या मंत्र्याला तेव्हा जवळून पाहावे लागले. १९३९ मध्ये भारताला न विचारता ब्रिटिश सरकारने त्याला महायुद्धात ओढले. त्याच्या निषेधार्थ काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, तेव्हा विजयालक्ष्मींनीही पद सोडले.

एका विधवेचा वारसाहक्क

१९४४ च्या जानेवारीत रणजितरावांचे निधन झाले. कारावासात त्यांची प्रकृती ढासळली होती आणि सुटकेनंतर ते फार दिवस जगले नाहीत. त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. त्या काळच्या हिंदू कायद्यात मुलगा नसलेल्या विधवेची स्थिती अत्यंत दुबळी होती. १९३७ च्या एका कायद्याने विधवेला पतीच्या मालमत्तेत हिस्सा दिला होता, पण तो तिच्या हयातीपुरता व मर्यादित होता. मुलींना तर त्यातही स्थान नव्हते. परिणामी मालमत्तेवरून कुटुंबात वाद उत्पन्न झाला. तीन मुलींची ही आई, एकेकाळची मंत्री, पंडित मोतीलाल नेहरूंची कन्या. पण कायद्यापुढे ती केवळ एक पुत्रहीन विधवा होती.

या वादाच्या काळातच त्या परदेशी जाण्यास निघाल्या. जाण्यापूर्वी सासरच्या मंडळींशी समेट करून मनातील कडवटपणा दूर करावा, असा सल्ला गांधीजींनी त्यांना दिल्याचे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. त्यांनी तो सल्ला मानला. परंतु एका व्यक्तीच्या मनाचा मोठेपणा हा अन्याय्य कायद्यावरील उपाय नव्हे. तो उपाय १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने झाला. विधवा, मुलगा व मुलगी यांना वारसाहक्कात समान स्थान मिळाले आणि विधवेचा मर्यादित हक्क पूर्ण मालकीत रूपांतरित झाला. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतील मुलींच्या हक्काबाबत महाराष्ट्राने १९९४ मध्ये, तर केंद्राने २००५ मध्ये पुढचे पाऊल टाकले.

गावात एखाद्या खातेदाराचे निधन झाल्यावर वारस नोंदीसाठी अर्ज येतो, फेरफार होतो, सातबाऱ्यावर नावे चढतात. त्या वेळी विधवेचे व मुलींचे नाव वगळले जात नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी केवळ तलाठ्याची नाही. एवढ्या मोठ्या घरातील स्त्रीवर जो प्रसंग आला, तो आपल्या गावातील निरक्षर भगिनीवर येऊ नये, यासाठी पंचायत सदस्य व शिक्षकही पुष्कळ काही करू शकतील.

जगाच्या व्यासपीठावर

१९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्थापनेसाठी सॅन फ्रान्सिस्को येथे परिषद भरली. भारताचे अधिकृत शिष्टमंडळ ब्रिटिश सरकारने नेमलेले होते. विजयालक्ष्मी तेव्हा अमेरिकेत होत्या. त्यांच्यापाशी कोणतेही अधिकारपद नव्हते. तरीही हे शिष्टमंडळ भारतीय जनतेचे प्रतिनिधित्व करीत नाही, हे त्यांनी परिषदेबाहेरील सभांतून व वृत्तपत्रांतून जगापुढे मांडले.

१९४६ मध्ये मात्र संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेतील भारतीय शिष्टमंडळाचे नेतृत्वच त्यांच्याकडे आले. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांना जमीन धारण करण्यावर व राहण्याच्या जागेवर निर्बंध घालणारा कायदा तेथील सरकारने त्याच वर्षी केला होता. हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, असे जनरल स्मट्स यांचे म्हणणे होते. मानवी समतेचा प्रश्न कोणत्याही देशाचा केवळ अंतर्गत प्रश्न राहू शकत नाही, अशी भारताची भूमिका होती. ८ डिसेंबर १९४६ रोजी ठराव मतास पडला. बाजूने ३२, विरुद्ध १५ मते पडली आणि ७ राष्ट्रे तटस्थ राहिली. पडलेल्या ४७ मतांच्या दोन-तृतीयांश बहुमतासाठी नेमकी ३२ मतेच लागत होती. भारत अद्याप स्वतंत्र झालेला नसताना मिळालेला हा विजय होता. विजयानंतर त्या स्मट्स यांच्यापाशी गेल्या आणि वादविवादात आपल्याकडून गांधीजींच्या शिकवणुकीला न शोभणारे काही बोलले गेले असल्यास क्षमा असावी, असे त्यांनी सांगितले.

स्वातंत्र्यानंतर त्या सोव्हिएत संघात व नंतर अमेरिकेत भारताच्या राजदूत होत्या. १९५२ च्या निवडणुकीत लखनौमधून त्या लोकसभेवर निवडून आल्या. १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेचे अध्यक्षपद त्यांना लाभले. हा मान मिळविणाऱ्या त्या जगातील पहिल्या महिला होत. त्यानंतर १९६१ पर्यंत त्यांनी ब्रिटनमध्ये भारताच्या उच्चायुक्त म्हणून काम केले. राज्यपालपदी नियुक्ती झाली त्या वेळी नगरपालिका, विधानसभा, लोकसभा, मंत्रिमंडळ व परराष्ट्रसेवा असा पाव शतकाचा अनुभव त्यांच्या गाठीस होता.

राज्यपालपदाचे घटनेतील स्थान

राज्यपाल नेमके करतात काय, असा प्रश्न पंचायत सदस्यांच्या शिबिरात हमखास निघतो. राज्याचा कार्यकारी अधिकार घटनेने राज्यपालांच्या ठायी निहित केला आहे. मात्र त्याचा वापर, घटनेने त्यांच्या विवेकावर सोपविलेल्या बाबी सोडल्यास, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने व्हावयाचा असतो. मुख्यमंत्र्यांची नियुक्ती राज्यपाल करतात व मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने इतर मंत्र्यांची नियुक्ती होते. विधानसभेने संमत केलेले विधेयक त्यांच्या अनुमतीनंतरच कायदा बनते. प्रत्येक वर्षाच्या पहिल्या अधिवेशनात ते अभिभाषण करतात, परंतु त्यातील धोरण मंत्रिमंडळाचे असते. अनुसूचित क्षेत्रांबाबत घटनेच्या पाचव्या अनुसूचीने त्यांच्यावर विशेष जबाबदारी टाकली आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतींच्या आर्थिक स्थितीचा आढावा घेणाऱ्या राज्य वित्त आयोगाची स्थापना आणि राज्य निवडणूक आयुक्तांची नियुक्ती राज्यपालांकडून होते. म्हणजे ग्रामपंचायतीचाही या पदाशी संबंध येतोच.

राज्यपाल लोकांनी निवडून द्यावा, असा निर्णय घटना समितीने १९४७ मध्ये प्रथम घेतला होता. १९४९ मध्ये तो बदलण्यात आला. लोकांनी निवडलेला राज्यपाल व विधानसभेला जबाबदार असलेला मुख्यमंत्री अशी दोन सत्ताकेंद्रे निर्माण झाली, तर संघर्ष अटळ होईल, असा विचार त्यामागे होता. त्यामुळे राष्ट्रपतींनी राज्यपालांची नियुक्ती करावी, असे ठरले. राष्ट्रपती हा अधिकार केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरतात.

येथेच सुरुवातीचा प्रश्न पुन्हा समोर येतो. पंतप्रधानांच्या सरकारने पंतप्रधानांच्या भगिनीची राज्यपालपदी नियुक्ती करावी, हे कितपत योग्य? नातेसंबंध ही अपात्रता नव्हे, तशी ती पात्रताही नव्हे. घटनेने भारतीय नागरिकत्व व ३५ वर्षे पूर्ण वय एवढ्याच अटी घातल्या आहेत. अधिक काय पाहावे, याचे मार्गदर्शन पुढे सरकारिया आयोगाने १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात केले. राज्यपाल एखाद्या क्षेत्रात नामवंत असावा, तो त्या राज्याबाहेरील असावा, स्थानिक राजकारणात फार गुंतलेला नसावा आणि नजीकच्या काळात राजकारणात फार मोठा भाग घेतलेला नसावा, असे आयोगाने सुचविले. विजयालक्ष्मी नामवंत होत्या, राज्याबाहेरच्या होत्या व येथील पक्षीय राजकारणापासून दूर होत्या. तरीही अशा नियुक्तीबद्दल लोकांच्या मनात शंका येणे स्वाभाविक असते, आणि त्या शंकेचे उत्तर त्या व्यक्तीला पदावरील वागणुकीनेच द्यावे लागते.

महाराष्ट्रातील दोन वर्षे

त्यांच्या कार्यकाळात महाराष्ट्रात लोकशाही विकेंद्रीकरणाचा प्रयोग नुकता सुरू झाला होता. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या होत्या. श्री. वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवर ही रचना उभारलेली होती. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ त्याच नोव्हेंबरमध्ये स्थापन झाले होते.

२४ नोव्हेंबर १९६३ रोजी मुख्यमंत्री श्री. कन्नमवार यांचे पदावर असताना निधन झाले. दुसऱ्याच दिवशी श्री. पी. के. सावंत यांच्याकडे मुख्यमंत्रिपदाचा कार्यभार आला आणि ५ डिसेंबर रोजी विधिमंडळ पक्षाने निवडलेले नेते श्री. वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. अवघ्या अकरा-बारा दिवसांत राज्याने तीन मुख्यमंत्री पाहिले, परंतु कारभारात खंड पडला नाही. सत्तेचे हस्तांतर इतक्या शांतपणे होते तेव्हा वृत्तपत्रांत राज्यपालांविषयी फारसे छापून येत नाही. हेच या पदाच्या यशाचे लक्षण होय.

२७ मे १९६४ रोजी पंडित नेहरूंचे निधन झाले व फुलपूरची लोकसभेची जागा रिकामी झाली. ऑक्टोबर १९६४ मध्ये विजयालक्ष्मींनी महाराष्ट्राचे राज्यपालपद सोडले आणि पोटनिवडणूक लढवून त्या फुलपूरमधून विजयी झाल्या. भावाच्या मतदारसंघातून बहीण निवडून आली, यात घराण्याचा प्रभाव नव्हता, असे कोणी म्हणणार नाही. पण नियुक्तीने मिळालेले मानाचे पद सोडून त्यांनी मतदारांपुढे जाणे पत्करले, हेही नोंदविले पाहिजे. १९६७ मध्ये त्या तेथून पुन्हा निवडून आल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी लोकसभेचा राजीनामा दिला.

नात्यापेक्षा तत्त्व

त्यानंतर त्या डेहराडून येथे निवृत्त जीवन जगत होत्या. १९७५ मध्ये देशात अंतर्गत आणीबाणी जाहीर झाली. विरोधी नेत्यांची धरपकड झाली, वृत्तपत्रांवर नियंत्रण आले. पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी या विजयालक्ष्मींच्या सख्ख्या भाची होत्या. गप्प बसणे त्यांना सोयीचे ठरले असते. परंतु निवडणुका जाहीर झाल्यावर, १९७७ च्या फेब्रुवारीत, वयाच्या ७७ व्या वर्षी त्या निवृत्तीतून बाहेर पडल्या व आणीबाणीच्या विरोधात त्यांनी प्रचार केला. ज्या लोकशाहीसाठी आपल्या कुटुंबाने तुरुंगवास सोसला, तीच धोक्यात आली असताना नाते आड येऊ देता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगावर त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. १ डिसेंबर १९९० रोजी डेहराडून येथे त्यांचे निधन झाले.

चरित्राचा बोध

आपण आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर या चरित्रातून मिळते. घराण्याने विजयालक्ष्मींना ओळख दिली, संधी दिली, मोठ्या माणसांचा सहवास दिला. त्या नेहरूंच्या घरी जन्मल्या नसत्या, तर इतक्या संधी त्यांना मिळाल्या असत्या, असे म्हणणे धाडसाचे होईल. पण नगरपालिकेच्या शाळांचा कारभार, कारावास, वैधव्यातील संघर्ष आणि आमसभेतील ३२ मते या गोष्टी घराण्याने आयत्या दिलेल्या नव्हत्या. घराण्याच्या नावाची खरी कसोटी लागते ती नाव एका बाजूला व कर्तव्य दुसऱ्या बाजूला उभे राहते तेव्हा. १९७७ मध्ये तशी वेळ आली आणि त्यांनी कर्तव्याची बाजू घेतली.

आज महाराष्ट्रातील पंचायत राज संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. त्यांतील अनेक भगिनी पतीच्या किंवा सासऱ्याच्या नावावर प्रथम निवडून येतात आणि त्यावरून त्यांना हिणविलेही जाते. निवडून कोणाच्या नावावर आलो, हे बदलता येत नाही. मात्र सभेचे इतिवृत्त स्वतः वाचून सही करणे, ग्रामनिधीचा हिशेब समजून घेणे, घरच्या माणसाच्या विरुद्ध जाणारा निर्णयही नियमाप्रमाणे देणे, हे ज्याच्या त्याच्या हाती आहे. शिक्षकांनी नागरिकशास्त्राच्या तासाला राज्यपालपदाचा पाठ शिकविताना घटनेच्या कलमांबरोबर हे चरित्रही विद्यार्थ्यांपुढे ठेवावे. पदाचे अधिकार कलमांतून समजतात. त्या पदावर बसणाऱ्या माणसाने कसे वागावे, हे मात्र अशा जीवनांतूनच शिकावे लागते.